वर्गाची रक्कम, अमानत आणि इन्कमटॅक्स
माजी विद्यार्थिनींच्या गटांनी हिशेब कसा ठेवावा?

कापडाच्या धंद्यात तागा मोजूनच घ्यावा लागतो. तो सख्ख्या भावाच्या लूमवरून आला असला तरी गज टाकावाच लागतो, आणि भावाला त्याचा राग येत नाही. मोजण्यात कुणाचा अपमान नसतो, उलट पुढची तक्रार टळते. ‘हिसाब जौ-जौ, बख्शिश सौ-सौ’ ही म्हण आपल्या बुजुर्गांनी उगीच केलेली नाही. पण दुकानात पै-पैचा रोजमेळ लिहिणारी आपलीच माणसे चंद्याच्या आणि वर्गणीच्या पैशाजवळ आली की म्हणतात, “घरचीच माणसे आहेत, हिशेब काय विचारायचा?” इथेच गाडी अडते.

आज हा विषय काढण्याचे कारण आपल्या घरातल्या महिला आहेत. उर्दू गर्ल्स हायस्कूलमधून शिकून बाहेर पडलेल्या मुलींच्या बॅचचे गट आता गावोगाव झाले आहेत. कुणी वीस वर्षांनी भेटतात, कुणी पंचवीस वर्षांनी. स्नेहसंमेलन होते, जुन्या उस्तानींचा सत्कार होतो, जेवण होते. मग थोडी रक्कम शिल्लक राहते आणि कुणीतरी म्हणते, “यातून एखाद्या गरीब मुलीची फी भरू या.” काम नेकीचे आहे. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली, तेव्हापासून आपल्या शाळा अशाच चंद्यावर उभ्या राहिल्या. पण ही शिल्लक कुणाच्या खात्यावर राहते, तिचे व्याज कुणाच्या नावावर लागते आणि खजिनदारबाईंचे काही बरेवाईट झाले तर ती कुणाची ठरते, हे प्रश्न विचारले जात नाहीत. आम्हीही विचारले नव्हते.

एक घडलेली गोष्ट

आमच्या धाकट्या बहिणीची दहावीची बॅच १९८७ ची. २०१२ साली त्या सगळ्या पंचवीस वर्षांनी भेटल्या. खर्च जाऊन काही हजार रुपये उरले. तेव्हापासून दर वर्षी रमजानपूर्वी वर्गणी जमा करायची आणि जून महिन्यात शाळेतल्या गरजू मुलींची फी, वह्या, गणवेश द्यायचे असे ठरले. खजिनदार म्हणून त्यांच्यातल्या एका शिक्षिकेला नेमले. बाई इतकी सचोटीची की वर्गाच्या पैशातून रिक्षाभाडेही घेत नसे. रक्कम मात्र तिच्या स्वतःच्या बचत खात्यावर राहत असे. तिचा पगारही त्याच खात्यावर येई.

२०२१ च्या कोरोनाच्या लाटेत ती अल्लाहला प्यारी झाली. खात्यावर ३,८६,००० रुपये निघाले. वारसनोंद मुलाच्या नावाची होती, आणि वारस होते एक मुलगा व दोन मुली. चाळीसावा झाल्यावर वर्गाच्या बायका सांत्वनाला गेल्या आणि सोबत पैशाचा विषयही निघाला. मुलगा अदबीने बोलला, पण त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. पुढे आमच्यासमोरही तो तेच म्हणाला, “मामू, माझी नियत वाईट नाही. पण यातले अम्मीचे किती आणि वर्गाचे किती, हे मी कशावरून ओळखू? बहिणींचा हक्कही यात आहे.”

मुलाचे बोलणे रास्त होते. वर्गाकडे ना पावती बुक, ना ठराव, ना खतावणी. होते ते फक्त मोबाईलवरचे संदेश, त्यातले निम्मे पुसले गेलेले. आमच्या बहिणीने सांगितले, “भाईजान, तुमचा जन्म वह्यांत गेला. तुम्हीच बसा.” आम्ही अकरा रात्री पासबुक आणि संदेश समोरासमोर ठेवून बसलो. ३,१२,००० रुपये वर्गाचे असल्याचे एंट्रीनिशी दाखवता आले. ७४,००० रुपयांचा पुरावा सापडला नाही.

शरीयतचा मसला स्पष्ट आहे. अमानत ही तरक्यात येत नाही; ती आधी मालकाला परत जाते आणि मग वारसांचे हिस्से होतात. पण अमानत आहे हे सिद्ध तर झाले पाहिजे. तिघा भावंडांनी सिद्ध झालेली सर्व रक्कम एका दिवसात परत केली. उरलेल्या ७४,००० वर वर्गाने हक्क सोडला. कुणी भांडले नाही, यासाठी अल्लाहचे शुक्र. तरीही जिने नऊ वर्षे निःस्वार्थ सेवा केली, तिच्या मागे तिच्या नावाभोवती काही आठवडे कुजबुज झाली. ही कुजबुज एका पाच रुपयांच्या वहीने टळली असती.

इन्कमटॅक्सचा भाग वेगळाच निघाला. बाईंनी वर्गाचे दोन लाख रुपये मुदत ठेवीत ठेवले होते. त्यांची स्वतःची ठेव आणि वर्गाची ठेव एकाच बँकेत, एकाच पॅनवर. दोन्हींचे व्याज मिळून मर्यादा ओलांडली आणि बँकेने टीडीएस कापला. खात्याच्या नजरेत हे सारे व्याज बाईंचेच उत्पन्न होते. मयत व्यक्तीचे रिटर्न कायदेशीर वारसाला भरावे लागते, तसे ते मुलाने भरले. ज्या पैशाचा त्याला एक पैसाही मिळणार नव्हता, त्याच्या व्याजाचा कर त्याने चुकवला.

आमचीही एक कबुली

२०१५ साली या पैशावर आमचीही नजर गेली होती. ईदचा सीझन तोंडावर होता, माल भरायचा होता. आम्ही बहिणीला सुचवले की रक्कम बँकेत नुसती पडून आहे, चार महिने आमच्या दुकानात फिरवू आणि नफ्यातला हिस्सा वर्गाला देऊ. खजिनदारबाईंनी निरोप पाठवला, “मुलींच्या फीचे पैसे आहेत, धंद्यात घालणार नाही.” आम्हांला राग आला होता. पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटबंदी झाली आणि बाजारातली आमची उधारी सहा महिने अडकली. ही सवय लागून वर्गाचे पैसे तेव्हा आमच्याकडे असते, तर त्या जूनमध्ये मुलींची फी भरली गेली नसती. व्यापारी बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. बहिणीच्या किंवा बेगमच्या गटाची रक्कम आपले खेळते भांडवल नव्हे. ती भिशीतही घालू नये. गट नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल आणि तिची रक्कम विश्वस्ताच्या किंवा त्याच्या नातेवाइकाच्या धंद्याला वापरली गेली, तर इन्कमटॅक्सची सवलतही धोक्यात येते.

आधी ठरवा, आपण कोण?

कायद्याच्या नजरेत ‘आमची बॅच’ नावाची काही चीज नाही. म्हणून गटाने आपले काम पाहून तीनपैकी एक वाट धरावी.

पहिली वाट फक्त भेटण्याची. स्नेहसंमेलन, सहल, जेवण एवढेच काम असेल तर नोंदणीच्या फंदात पडू नये. आपणच पैसे काढायचे आणि आपल्यावरच खर्च करायचे, यात नफा कुणाचाच नाही. कायदाही परस्परतेचे हे तत्त्व मानतो आणि अशी वर्गणी उत्पन्न धरत नाही. परंतु बँकेचे व्याज यात बसत नाही. बंगलोर क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच सांगितले की बँकेतील ठेवीवरच्या व्याजावर कर लागेल. अशा गटाने दोघी-तिघींच्या नावे वेगळे संयुक्त खाते उघडावे, घरखर्चाचे खाते वापरू नये. व्याज बहुधा पहिल्या खातेदाराच्या पॅनवर दिसते, तेव्हा शिल्लक थोडी ठेवावी. आणि एका कागदावर ‘या खात्यातील रक्कम आमची नसून अमुक बॅचची अमानत आहे’ असे लिहून, सह्या करून, त्याची एकेक प्रत घरच्यांच्या हाती द्यावी.

दुसरी वाट सोपवण्याची. दर वर्षी थोडी मदत करायची आहे, पण कागदपत्रे सांभाळायला कुणाला सवड नाही, अशा गटांनी रक्कम शाळेच्या नोंदणीकृत संस्थेकडे किंवा एखाद्या भरवशाच्या ट्रस्टकडे द्यावी. ‘अमुक बॅचचा फी-निधी’ असे वेगळे खाते त्यांच्या वहीत उघडून घ्यावे आणि दर वर्षी त्याचा उतारा मागावा. बहुतेक लहान गटांना हीच वाट बरी.

तिसरी वाट स्वतःच्या संस्थेची. रक्कम वाढत असेल, दर वर्षी वजिफे द्यायचे असतील आणि देणाऱ्यांना करसवलतीची पावती हवी असेल तर नोंदणी करावी. सोसायटीज रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट १८६० खाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची अशी सोसायटी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. त्यासाठी तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. पुढे विश्वस्त बदलला, कुणी वारले, पत्ता बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आपल्या कितीतरी संस्था याच ठिकाणी मार खातात. कागदावर मयत विश्वस्त आणि बँकेत सही तिसऱ्याची, असा प्रकार असतो.

या तिन्हींपैकी काहीच न करता मोठी रक्कम जमवत राहणे सर्वांत धोक्याचे. बिननोंदणीचा गट खात्याने ‘असोसिएशन ऑफ पर्सन्स’ धरला आणि कुणाचा हिस्सा किती हे ठरलेले नसेल, तर उत्पन्नावर कमाल दराने कर लागू शकतो.

अमेरिकेतला दाखला

ही अडचण फक्त आपलीच आहे असे समजू नये. अमेरिकेत स्मिथ, वेलेस्लीसारखी मुलींची जुनी कॉलेजे आहेत. तिथे पास होण्याच्या वर्षाप्रमाणे वर्ग धरतात आणि वर्गाचे पदाधिकारी नेमतात. तिथल्या इन्कमटॅक्स खात्याने लहान करमुक्त संस्थांसाठी इंटरनेटवरून भरायचे एक छोटे विवरणपत्र ठेवले आहे. साधारणपणे वर्षाची जमा ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ते चालते, आणि त्यात पैशाचा सविस्तर तपशीलही मागत नाहीत. पण २००६ च्या कायद्याने असे ठरले की लागोपाठ तीन वर्षे ते भरले नाही तर करमुक्ती आपोआप रद्द होते. २०११ साली रद्द झालेल्या संस्थांची पहिली यादी निघाली, तेव्हा तीत लाखो नावे होती. एक लहानसा फॉर्म भरायचा कुणी, हे ठरलेले नसले की काय होते ते यावरून दिसते.

इन्कमटॅक्सची पायरी

नोंदणी झाली की संस्थेच्या नावे वेगळा पॅन घ्यावा. पॅनचे चौथे अक्षर पाहावे. व्यक्तीला ‘पी’ असते, ट्रस्टला ‘टी’ आणि असोसिएशन ऑफ पर्सन्सला ‘ए’. तुमच्या गटाच्या बँक खात्याला ‘पी’ चा पॅन जोडलेला असेल तर ते खाते गटाचे नव्हे, त्या बाईचे आहे.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंद झाली म्हणजे कर माफ झाला, हा गैरसमज फार पसरलेला आहे. इन्कमटॅक्सची नोंदणी वेगळी घ्यावी लागते. तिलाच लोक ‘बारा-ए’ म्हणतात. देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून ‘ऐंशी-जी’ची मंजुरी आणखी वेगळी. २०२१ पासून या नोंदण्या आधी तात्पुरत्या मिळतात आणि नंतरही ठरावीक मुदतीच्याच असतात. मुदतीची तारीख दुकानाच्या परवान्यासारखी भिंतीवर लावून ठेवावी. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी प्राप्तिकर अधिनियम २०२५ आणलेला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे नंबर बदललेले आहेत. म्हणून फॉर्म भरताना जुना कागद पाहून नकल करू नये, चार्टर्ड अकाउंटंटला विचारावे.

काही बाबी मात्र प्रत्येक खजिनदाराच्या तोंडपाठ हव्यात. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. देणगीदारांची यादी पॅनसह खात्याकडे दर वर्षी द्यावी लागते आणि त्यानंतर निघणारे प्रमाणपत्रच सवलतीसाठी चालते. आपली छापील पावती पुरत नाही. ज्याने नवी करपद्धत घेतली आहे त्याला ही सवलत मिळतच नाही, तेव्हा ‘ऐंशी-जी आहे’ म्हणून कुणाला खोटी आशा दाखवू नये. जमा रकमेपैकी ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्च व्हावी, असा सर्वसाधारण नियम आहे. जास्त साठवायची असेल तर हेतू कळवावा लागतो. एका दिवसात एका इसमाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च धरला जात नाही. म्हणून शाळेची फी चेकनेच भरावी.

घटना लिहिताना हेतूचा शब्द जपून वापरावा. एखाद्याच धर्माच्या लोकांसाठी काढलेल्या धर्मादाय संस्थेला करमाफीची अडचण येते. महिला, मुले आणि मागासवर्ग यांच्यासाठीच्या कामाला मात्र तशी आडकाठी नाही. ‘शाळेतील गरजू विद्यार्थिनी’ असे लिहिले तर कायदाही राहतो आणि आपले कामही होते.

आपल्या रिवाजाचे तीन प्रश्न

पहिला, जकातीचा. जकातीचे हकदार कुरआनने ठरवून दिले आहेत. ती रक्कम हॉलच्या भाड्यात, सत्काराच्या शालीत किंवा ऑडिटच्या फीमध्ये जाता कामा नये. पावतीवरच जकात, सदका आणि वर्गणी असे तीन खाने छापावेत आणि खतावणीत तीन पाने ठेवावीत. संमेलनाचे पैसे तर संस्थेच्या खात्यात आणूच नयेत. आपल्याच जेवणाचा खर्च धर्मादाय निधीतून झाला तर तो शरीयतमध्येही चूक आणि कायद्यातही.

दुसरा, व्याजाचा. “आम्ही व्याज वापरत नाही, म्हणून दाखवतही नाही,” असे बरेच जण सांगतात. व्याज कुठे टाकायचे हा मसला आपल्या उलेमांना विचारावा. पण ते खात्यावर जमा झाले म्हणजे कर खात्याच्या विवरणात उमटले. ते रिटर्नमध्ये दाखवावेच लागते. व्याज नकोच असेल तर चालू खाते उघडावे.

तिसरा, गुप्त दानाचा. सदका गुपचूप द्यावा ही आपली तालीम. कायदा मात्र म्हणतो की देणाऱ्याचे नाव-पत्ता नोंदलेला नसेल तर अशा निनावी देणग्यांवर, ठरावीक मर्यादेपलीकडे, ३० टक्के कर लागेल. यावर तोड सोपी आहे. नाव वहीत लिहावे, फलकावर लिहू नये. वही खजिनदार आणि ऑडिटर पाहतील, संमेलनात ते कुणी वाचून दाखवण्याची गरज नाही.

परदेशातल्या मैत्रिणी

प्रत्येक बॅचमध्ये दोन-चार जणी दुबई, जिद्दा किंवा लंडनला असतात, आणि मोठी रक्कम बहुधा त्यांच्याकडूनच येते. इथे विशेष सावध राहावे. जिच्याकडे भारताचा पासपोर्ट आहे, तिने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरत नाहीत. तिच्या पासपोर्टची झेरॉक्स फाईलला लावावी. पण जिने ब्रिटनचे किंवा अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, ती ओसीआय कार्डधारक असली तरी, तिचे पाच हजार रुपयेही परकीय देणगी ठरतात. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते घेता येत नाहीत. हे पैसे “माझ्या भावाच्या खात्यावर टाक, तो रोख देईल,” असे वळवून आणणे तर आणखी वाईट. चार मुलींच्या फीसाठी संस्थेच्या मानेवर फौजदारीची टांगती तलवार कशाला?

खजिनदारासाठी सहा सवयी

१. पैसे आले त्याच दिवशी पावती द्यावी. नंबर टाकलेले पावती बुक ठेवावे, मोबाईलवरचा ‘मिळाले’ हा शब्द म्हणजे पावती नव्हे.
२. खात्यावर दोन सह्या असाव्यात आणि त्या एकाच घरातल्या नसाव्यात.
३. दर महिन्याला पासबुक आणि रोजमेळ ताडून पाहावा, आणि शिल्लक सर्व मैत्रिणींना कळवावी.
४. ३१ मार्चला वही बंद करावी आणि एप्रिलमध्ये ऑडिटरकडे द्यावी. रिटर्नची तारीख उजाडण्याची वाट पाहू नये.
५. दर तीन वर्षांनी खजिनदार बदलावी. हा अविश्वास नव्हे. जुनीने नवीला सर्वांसमोर वही सोपवली की जुनीची मान मोकळी होते.
६. पावत्या, बिले, ठराव निदान दहा वर्षे जपावेत, आणि ते कुठे आहेत हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावे.

आमच्या बहिणीच्या वर्गाने हे सारे झाल्यावर २०२२ साली सात जणींच्या नावे संस्था नोंदवली. पहिली रक्कम जमा झाली ती त्या ३,१२,००० रुपयांची. पहिली देणगी मात्र दुसऱ्याच हातून आली. मरहूम शिक्षिकेच्या तिन्ही मुलांनी ते वादातले ७४,००० रुपये चेकने, आपापल्या पॅननंबरासह, आईच्या इसाल-ए-सवाबसाठी पाठवले. मुलाने सोबत निरोप दिला होता, “मामू, या वेळी पावती नक्की द्यायला सांगा.”

पावती क्रमांक एक त्याच्याच नावाची आहे.

कुरआनमधील सर्वांत लांब आयत नमाज-रोजाबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. ती सूरह बकरामध्ये आहे. हे आपण दुकानात पाळतो. आपल्या घरातल्या महिला मुलींच्या तालीमसाठी जे काम करीत आहेत, तिथेही ते पाळले जावे. ज्यांना वहीचा अनुभव आहे अशा व्यापारी बांधवांनी आठवड्यातला एक तास त्यांच्यासाठी काढावा. त्यांना हिशेब शिकवावा, आणि त्यांच्या गल्ल्याला हात मात्र लावू नये.